माकडताप, दीनदयाळ कार्ड आणि समितीचे दहा हजार

कुळागर (वाळपई)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आमच्या ग्राम आरोग्य समितीवर यंदा माझी वर्णी लागली आहे. मी मागितलं नव्हतं. सभेला गैरहजर राहिलं की असंच होतं. समितीला वर्षाला दहा हजार रुपये अबंधित निधी असतो. तो कशावर घालायचा हे पुढच्या ग्रामसभेत ठरायचंय आणि नेहमीप्रमाणे पहिली सूचना आली ती फॉगिंगची. धूर दिसतो, आवाज होतो, पंचायतीने काहीतरी केल्याचं समाधान मिळतं.

माझ्या डोक्यात वेगळं आहे, पण सभेत चार माणसांपुढे ते नीट मांडता येईल की नाही शंका आहे, म्हणून आधी इथे. एप्रिल २०२३ मध्ये जी-२०च्या आरोग्य गटाची दुसरी बैठक गोव्यातच भरली होती. साथींची पूर्वतयारी, औषधं आणि लशी सगळ्यांपर्यंत पोचवणं, डिजिटल आरोग्य असे विषय होते. त्याआधी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ ते २०२३ या काळासाठी तीन उद्दिष्टं ठेवली होती: आणखी शंभर कोटी लोकांना परवडणारे उपचार, शंभर कोटींना साथींपासून संरक्षण आणि शंभर कोटींचं जगणं अधिक निरोगी. कागदावर तिन्ही शेजारी शेजारी. आमच्याकडे मात्र दीनदयाळ कार्डाचं (राज्याच्या आरोग्य योजनेचं) बघणारा वेगळा, तापाची पाहणी करणारा वेगळा, 'साखर कमी खा' सांगायला येणारा वेगळा. तिघांची रजिस्टरं तीन. माझ्या घराची नोंद तिन्हींत आहे, आणि माझ्याच भाटात, म्हणजे काजूच्या बागेत, खोपी बांधून राहणाऱ्या काजू वेचणाऱ्यांची एकातही नाही.

आता सांगा, आमच्या सत्तरी तालुक्यात माकडताप येऊन गेलाय. पुन्हा उसळला तर आधी कोणाला धरणार? ज्याच्याकडे कार्ड नाही, जो केंद्रात जायला बिचकतो आणि ज्याला जंगलात जाताना अंगाला तेल लावायला कोणी सांगितलेलंच नाही, त्याला. तिन्ही खात्यांची भोकं एकाच माणसापाशी येऊन पडतात. हे दहा हजारांत थोडं तरी बुजवता येईल का?

पोदेर (मडगाव)

दहा हजारांत फॉगिंग तरी किती दिवस होणार? उद्घाटनाचा नारळ आणि हारच हजाराचे. बसलोय वाचायला.

डॉक_मांडवी (पणजी)

मी कम्युनिटी मेडिसिनवाला. म्हणजे ज्याला घरचेही 'खरा डॉक्टर कधी होणार' विचारतात, त्यातला. तरी बोलतो.

माकडताप पहिल्यांदा ओळखला गेला १९५७ साली, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात. म्हणून कागदोपत्री नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. विषाणू गोचिडीतून येतो. माकडं पटापट मरतात, मेलेल्या माकडावरच्या गोचिडी आसपास पसरतात आणि पाचोळ्यात उघड्या पायांनी फिरणाऱ्याला चावतात. सत्तरीत तो २०१५ मध्ये आला आणि काजू वेचणाऱ्यांतच जास्त सापडला. का, ते कुळागर यांना सांगायला नको. बोंडं गोळा करायची तर खाली वाकून, हातांनी पाचोळा बाजूला करत तासन् तास फिरावं लागतं, आणि काजूचा मोसम नेमका गोचिडीच्या पिल्लांच्या मोसमात येतो.

यावर नेमकं औषध नाही. लक्षणं बघून उपचार करायचे, रक्तस्राव आणि पाणी कमी होण्यावर लक्ष ठेवायचं. रुग्ण लवकर आला तर बहुतेक वेळा निभावतं. जुनी लस होती, पण ती पुरेशी परिणामकारक नाही म्हणून २०२२ मध्ये तिचा वापर थांबवला. नवी लस तयार करण्याचं काम चालू आहे. तोवर हातात काय राहतं? जंगलात जाण्याआधी गोचीड दूर ठेवणारं डीएमपी तेल, परत आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडेही गरम पाण्यात. मेलेलं माकड दिसलं की हात न लावता लगेच खबर. आणि ताप आला की त्याच दिवशी केंद्र.

त्या तीन उद्दिष्टांच्या भाषेत यातलं तेल म्हणजे आरोग्यसंवर्धन, माकडाची खबर म्हणजे साथींपासून सुरक्षा, केंद्रात बघणं म्हणजे सार्वत्रिक सेवा. जंगलात जाणाऱ्या बाईला या वाटणीशी देणंघेणं नाही. तिला एवढंच कळतं की केंद्रातल्या माणसाशी आपली ओळख आहे की नाही. ओळख नसेल तर ती तेलही लावणार नाही आणि तापात घरीच पडून राहील.

नर्सबाय_निवृत्त (फोंडा)

कुळागर बाब, फॉगिंगने उडणारा डास मरतो, टाकीतली अळी तशीच राहते. आठवड्याभरात नवे डास तयार. दहा हजारांचा धूर करायचा असेल तर खुशाल करा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर गोव्याने एकदा शोधलेलं आहे, मलेरियाच्या वेळी. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पणजीत मलेरिया वाढला, मग किनारपट्टीला पसरला. इमारती उठत होत्या. स्लॅब टाकला की त्यावर सिमेंटची आळी करून पाणी तुंबवून ठेवतात, क्युरिंगसाठी. त्या पाण्यात ॲनोफिलीस स्टीफेन्साय वाढायचा. मजूर बाहेरून अंगात जंतू घेऊन आलेला, डास इथला. दोघांची गाठ पडली की शेजारच्या फ्लॅटांतही ताप. तेव्हा सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली (१९८५चा आहे तो) मजुरांना हेल्थ कार्ड सक्तीचं झालं. बांधकामावरच्या प्रत्येकाचं रक्त तपासायचं, कार्ड द्यायचं, आणि हे करून घेण्याची जबाबदारी कंत्राटदाराची. साइटवर पाणी तुंबलं तरी नोटीस त्यालाच.

आम्ही संध्याकाळी जायचो, काम सुटल्यावर. दिवसा गेलं तर मुकादम म्हणतो माणसं वर आहेत. स्लॅबच्या खाली मेणबत्ती, एका बाजूला चूल पेटलेली, आणि मी खोक्यावर बसून बोटाला टोचून काचपट्ट्या घेतेय. पुरुष रांगेत उभे असायचे, बायका लांबून बघायच्या. एकदा एका बाईचं रक्त घ्यायला हात धरला तर हाताची नखं न् डोळे पांढरे फटक. सातवा महिना, कुठेही नाव घातलेलं नाही. तिचं मोठं पोर दीड वर्षाचं, गोवराची लस नाही. मग काय, मलेरियाची पिशवी बाजूला ठेवली आणि लसीकरणाची वही काढली. दुसऱ्या दिवशी ती बाई केंद्रात आली. माझ्यामुळे नाही, कार्डामुळे. कार्डावर तिचं नाव होतं, आणि नाव असलेला कागद हातात असला की माणूस दाराशी थांबून परत फिरत नाही.

साहेब लोकांनी ते कार्ड काढलं मलेरियाच्या भीतीने. पण आमच्या हाताखाली त्याचं बाळंतपणाचं आणि लसीचंही काम झालं. वरून कोणी 'सांगड घाला' असं परिपत्रक काढलं नव्हतं. माणूस एकच होता, पिशवी एकच होती, म्हणून झालं.

आणखी एक. देशभर आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या तेव्हा गोव्याने ती योजना घेतली नाही. त्यामुळे इथे दारोदार फिरणार कोण, तर एएनएम (उपकेंद्राच्या नर्स), आमच्यासारखे एमपीएचडब्ल्यू (बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी) आणि अंगणवाडीच्या बाया. त्यातली एक निवृत्त झाली आणि जागा रिकामी राहिली की तुमची तिन्ही उद्दिष्टं त्या वाड्यावर एकदमच बंद पडतात.

म्हापशेकर

सगळं छान आहे. पण एक विचारतो, आणि मला इथे झोडपणार हे माहीत आहे. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख. एवढ्याशा राज्याने कोणाकोणाला पोसायचं? गोमेकॉत (बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात) बाहेरच्या राज्यांतल्या रुग्णांना २०१८ पासून शुल्क लावलं ते उगाच नाही. दीनदयाळला गोव्यात पाच वर्षं राहिल्याची अट आहे तीही उगाच नाही. आम्ही घर, पाणी, कचरा सगळ्याचा कर भरायचा आणि खाटा भायल्यांनी अडवायच्या.

वर आमचं तरी धड होतं का? माझ्या आईला एका खाजगी इस्पितळात नेलं. कार्ड दाखवलं, 'चालतं' म्हणाले. घरी सोडताना काउंटरवरच्या मुलीने कागद पुढे सरकवला: हे हे पॅकेजमध्ये बसत नाही. हातमोजे, कसली तरी नळी, कसली तरी पट्टी. ती नळी काय माझ्या हौसेने घातली होती? आधी कार्डवाल्यांचं नीट करा, मग खोपीवाल्यांचं बघा.

तिळारी (दोडामार्ग)

म्हापशेकर, झोडपत नाही. पण मी तुमच्या त्या 'बाहेरच्यां'पैकी एक आहे.

आमच्याकडे रात्री कोणाच्या छातीत दुखायला लागलं तर गाडीचं तोंड आपोआप बांबोळीकडे वळतं. ओरोसला आता मेडिकल कॉलेज झालं आहे, पण दोडामार्गातून ओरोस गाठायचं म्हणजे जिल्हा अर्धा ओलांडायचा. शुल्क लागलं तेव्हा आमच्याकडे आंदोलन झालं, महाराष्ट्राच्या महात्मा फुले योजनेतून तोडगा काढायची बोलणी झाली. ते सगळं चालू होतं तेव्हा इकडे माकडतापही होता. आमच्यात आणि सत्तरीत सलग जंगल आहे. तुमची काजू वेचायला आमची माणसं येतात, आमच्या बागेत तुमची. गोचिडीला नाका कळत नाही आणि ती आधार कार्डही बघत नाही.

समजा आमच्यातला एक जण तुमच्या भाटात काम करताना तापाने फणफणला. गोव्यात दाखवलं तर पैसे लागतील या धास्तीने तो एसटीत बसून घरी येतो. चार दिवस अंगावर काढतो. शेवटी इकडच्या केंद्रात जातो, नोंद इकडे होते. तुमच्या आरोग्य खात्याला पत्ताच नाही की गोचीड कुठल्या डोंगरावर चावली. त्या चार दिवसांत त्याच डोंगरावर आणखी माणसं बोंडं वेचत असतात. त्यात तुमची गोंयकार माणसंही असतात.

पोदेर

म्हापशेकर, नळीचं बिल मलापण भरावं लागलंय. त्या नळीची एक संघटना काढूया.

पर्वरी_ऑडिट

थोडे आकडे टाकतो, मग भांडा.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ची. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा अधिक असतील तर चार लाख. आयुष्मान भारतची विमा योजना २०१८ची, कुटुंबाला पाच लाख, आणि २०२४च्या ऑक्टोबरपासून सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो. दोन्ही योजना इस्पितळात दाखल झाल्यावर कामाला येतात. ओपीडी, रोजची गोळी, तापाची पहिली तपासणी यांच्याशी त्यांचा संबंध नाही.

देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा खरीच आहे. तरी शंभरातले चाळीस रुपये अजून आपण काढतो, आणि त्यात औषधांचा भाग मोठा असतो. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हटलंय की आरोग्याचा दोन तृतीयांश किंवा अधिक पैसा प्राथमिक सेवेकडे जावा. कार्डाचा फोटो वर्तमानपत्रात येतो, उपकेंद्राच्या गळक्या छपराचा येत नाही, म्हणून राजकारण्यांचा ओढा कुठे असेल ते उघड आहे.

म्हापशेकरांची आकडेमोड मला पटत नाही ती याचसाठी. खोपीतल्या माणसाचा ताप पहिल्या दिवशी बघायचा तर एक सुई, एक नळी रक्त आणि नर्सची पंधरा मिनिटं. तोच माणूस रक्तस्राव सुरू झाल्यावर १०८मधून बांबोळीला आला की अतिदक्षतेची खाट. तेव्हा तो कुठला हे विचारून कोणी त्याला दारात ठेवत नाही, ठेवूही नये. म्हणजे खर्च तुमचाच, फक्त उशिरा आणि कितीतरी पट जास्त.

पोदेर

सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना? म्हणजे वाळपई सोडून केरीच्या घाटाने बेळगावला गेलेल्यांनाही?

कुळागर

पोदेर, नावाला जागा आणि तुम्ही पाव भाजा.

डॉक_मांडवी

म्हापशेकर, तुमच्या मुद्द्यावर गोव्याचंच एक उदाहरण देतो. रेबीज. मिशन रेबीज आणि राज्य सरकार दहा-बारा वर्षांपूर्वी एकत्र आले. जाळी घेऊन गावोगाव फिरून भटक्या कुत्र्यांना लस दिली, शाळांत जाऊन मुलांना कुत्रा अंगावर आला तर काय करायचं ते शिकवलं, संशयित कुत्र्याची खबर द्यायला हेल्पलाइन ठेवली, आणि चावा घेतलेल्या माणसाला सरकारी केंद्रात मोफत लस आहेच. २०२१ मध्ये गोवा 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर झाला.

कुळागर यांची तिन्ही खाती त्यात आली. आणि लस देताना कुत्रा गोंयकार की भायला, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मोहीम पहिल्याच आठवड्यात फसली असती, कारण ठरावीक टक्के कुत्र्यांना लस मिळाली तरच साखळी तुटते.

म्हापशेकर

डॉक, कुत्र्यांना गुडघा बदलून द्यावा लागत नाही.

डॉक_मांडवी

हाहा, मान्य. मग तिथेच रेघ मारू. गुडघा, मोतीबिंदू, ठरवून करायच्या शस्त्रक्रिया यांना तुमची पाच वर्षांची अट खुशाल ठेवा, त्यावर मी भांडणार नाही. पण ताप, खोकला, जुलाब, चावा, लस, बाळंतपण यांना अट नको. क्षयाचं असंच आहे. औषध देशभर कुणालाही मोफत, आणि पोषणासाठी दरमहा पैसे मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून ते पाचशेचे हजार झाले. झारखंडमध्ये अभ्यास झाला होता, त्यात क्षयरुग्णाच्या घरातल्यांना नीट शिधा दिला तर त्यांच्यात नवा क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. डाळ-तांदळाने साथ अडवली. याला आता कुठल्या खात्यात घालणार?

रायबंदर

जरा इतिहासात शिरतो, विषयांतर वाटलं तर पुढे सरका.

जुनें गोंय ओस का पडलं? लढाईने नव्हे. सतराव्या शतकापासून तिथे तापाच्या आणि पटकीच्या साथी पुन्हा पुन्हा आल्या. सच्छिद्र जमीन, शेजारी शेजारी खोदलेल्या विहिरी आणि घाणीचे खड्डे. ज्यांना परवडत होतं ते बाहेर पडले. व्हाइसरॉयनेही बिऱ्हाड पणजीच्या दिशेने हलवलं, आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. त्याच्या आदल्या वर्षी, १८४२ मध्ये, इथे वैद्यकीय शाळा सुरू झाली होती, आजच्या गोमेकॉची पूर्वज. राजवाडा होता, खजिना होता, इस्पितळंही होती. सांडपाण्याचा निचरा नव्हता. आज तिथे चर्चं आणि पर्यटकांच्या बसगाड्या आहेत. माझ्या खिडकीतून त्यांची रांग दिसते, म्हणून आठवलं.

मडगावची_मीरा

धागा माकडतापात अडकलाय म्हणून दुसरी बाजू. साथीत कोण मरतं हे साथ येण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं.

आयसीएमआरच्या पाहणीत (२०२३ मध्ये प्रसिद्ध झाली) मधुमेहाचं प्रमाण देशात ११.४ टक्के निघालं. गोव्यात २६.४, सगळ्या राज्यांत वरचं. चार प्रौढांत एक! कोविडमध्ये मधुमेह असलेल्याला धोका जास्त, हे आपण २०२१ मध्ये डोळ्यांनी पाहिलं. मे महिन्यात गोमेकॉतल्या ऑक्सिजन पुरवठ्यावरून उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात सुनावण्या चालू होत्या, त्यानंतर मोठी टाकी बसली. टाकी हवीच. पण त्या खाटांवर पोचलेल्यांत किती जणांची साखर वर्षानुवर्षं कोणी मोजलेलीच नव्हती, याची चर्चा कोणत्याही खंडपीठापुढे होत नाही.

आपल्याकडे केंद्रात इन्सुलिन मोफत आहे. हार्ट अटॅकसाठी तालुक्याच्या केंद्रात ईसीजी काढून गोमेकॉत पाठवतात आणि गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन तिथल्या तिथे मोफत देतात. ही व्यवस्था खरोखर अभिमान वाटावा अशी आहे. पण सासष्टीतल्या कुठल्याही लग्नात जाऊन बघा, पानात काय वाढतात ते. तंबाखूच्या बाबतीत गोवा देशात सगळ्यांत चांगला: २०१६-१७च्या पाहणीत वापर ९.७ टक्के, सर्वांत कमी. धूम्रपान आणि थुंकण्यावरचा आपला कायदा १९९७चा, देशाच्या कायद्याआधीचा. म्हणजे मनावर घेतलं तर जमतं. साखरेचं आणि दारूचं कोणी मनावर घेत नाही, कारण त्यात सणही आहे आणि धंदाही.

आणि मन? संगात ही गोव्यातली संस्था. त्यांनी प्राथमिक केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसाठी स्थानिक, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांना तयार केलं आणि ते उपयोगी पडतं हे २०१०च्या सुमाराला जगाला दाखवून दिलं. ताप घेऊन आलेल्या माणसाला 'झोप लागते का?' एवढं विचारणारं कोणीतरी असावं. कुळागर, तुमच्या खोपीतल्या लोकांना तर नक्कीच विचारा. चार महिने घरापासून दूर, रानात, संध्याकाळी हुर्राक (काजूची दारू) सोडून दुसरी करमणूक नाही.

पर्वरी_ऑडिट

मीराताई, सहमत. कोविडचं आणखी एक. २०२० च्या एप्रिलमध्ये गोव्यात रुग्णसंख्या शून्यावर आली होती, आपण सगळे फुशारलो होतो. मग जूनच्या सुरुवातीला वास्कोत मांगोर हिलला साथ उसळली. दाटीवाटीची वस्ती, मजूर, सामाईक नळ. तिथे आरोग्य खात्याची आधीपासून रोजची वर्दळ असती तर पहिले रुग्ण लवकर कळले असते का, यावर नंतर कोणीच बसून विचार केल्याचं माझ्या वाचनात नाही. त्याऐवजी मोपाला नवा विमानतळ झाला, तिथे प्रवाशांच्या तपासणीची सोय झाली. योग्यच. पण साथ विमानाने आली तरी मुक्कामाला वस्तीतच जाते.

म्हापशेकर

ठीक आहे. ताप-खोकला-चावा सगळ्यांना, ठरवून करायचं ते आमचं आम्हाला. असं लिहिणार असाल तर माझी हरकत नाही. पण भाटकारावरही काहीतरी टाका. माणसं तो आणतो, नफा तो घेतो, आणि नर्स सरकारची. कंत्राटदारावर टाकता तसं.

कुळागर

भाटकार म्हणजे मीच की, म्हापशेकर. पण बरोबर आहे, घ्या.

ठरावाचा मसुदा टाकतो. सुधारणा सांगा:

'डिसेंबर ते मे या काळात पंचायत हद्दीत राहणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची, ती कुठलीही असो, नोंद ग्राम आरोग्य समितीने आरोग्य केंद्राच्या मदतीने करावी. काजू बागायतदाराने आपल्याकडे काम करणाऱ्यांची नावं मोसम सुरू होण्याआधी समितीला द्यावीत आणि त्यांना डीएमपी तेल मिळेल याची व्यवस्था बघावी. मेलेलं माकड आढळल्यास त्याच दिवशी केंद्राला आणि वन खात्याला कळवावं. तापाच्या रुग्णाची पहिली तपासणी कार्ड न मागता व्हावी, अशी विनंती ही सभा आरोग्य संचालनालयाला करत आहे. समितीचा निधी तेलवाटप, फलक आणि नोंदवही यांवर खर्च करावा.'

पर्वरी_ऑडिट

'ती कुठलीही असो' काढा. सभेत तासभर त्यावरच जाईल आणि तुम्ही फॉगिंग घेऊन घरी याल. 'हंगामी कामगारांसह' असं लिहा. अर्थ तोच, भांडण कमी. 'व्यवस्था बघावी' हेही ढिलं आहे, 'व्यवस्था करावी' लिहा. आणि खर्चाच्या पावत्या ठेवा, दहा हजारांचंही ऑडिट होतं.

तिळारी

फलक मराठीबरोबर कन्नडमध्येही करा. आमच्याकडून येणाऱ्यांना मराठी चालेल, पण खानापूरकडून येणाऱ्यांचं काय? आणि दोडामार्गच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याला ठरावाची एक प्रत पाठवा. आमच्याही पंचायतीत तोच ठराव घालतो, शब्द तुमचे चोरून.

डॉक_मांडवी

फलकावर जास्त लिहू नका. माकड मेलं तर फोन, ताप आला तर केंद्र, जाताना तेल, येताना आंघोळ. एवढंच, मोठ्या अक्षरात. नोंदवहीत एक रकाना साखर-रक्तदाबाचा ठेवा, चाळिशीच्या पुढच्यांसाठी. मीराताईंचा झोपेचा प्रश्नही त्यातच बसवा. वेगळी वही करू नका, वेगळी वही झाली की वेगळा माणूस मागतील.

पोदेर

फलक कुठे लावणार? दारू गाळतात त्या भाटीवर लावा. काजूच्या मोसमात संध्याकाळी सगळा गाव तिथेच असतो, पंचायतीकडे कुत्रंही फिरकत नाही. (लस घेतलेलंसुद्धा.)

नर्सबाय_निवृत्त

पोदेर पहिल्यांदाच कामाचं बोलला.

कुळागर बाब, नोंदीला खोपीत जाताना मुकादमाला बरोबर घेऊ नका, माणसं त्याच्यासमोर खरं वय न् खरा ताप सांगत नाहीत. अंगणवाडीच्या बाईला घ्या, तिला पोरं ओळखतात. सकाळी सहाच्या आत जा, उजाडलं की सगळे वर डोंगरावर असतात. तेलाची बाटली खोपीत ठेवून येऊ नका. तिथेच एकीच्या पायाला चोळून दाखवा, वास येतो म्हणून पहिल्या दिवशी कोणी लावत नाही. आणि मला ग्रामसभेची तारीख कळवा, फोंड्याहून सकाळची बस आहे.